डिजिटल सहीचा सातबारा चालत नाही म्हणतात, काय करायचं?

बांधावरचा:
नमस्कार मंडळी, वडिलांच्या कामासाठी काल तालुक्याला एका सरकारी ऑफिसात गेलो होतो, सोबत महाभूमी या सरकारी साईटवरून 15 रुपये भरून काढलेला डिजिटल सहीचा सातबारा. साहेबांनी कागद पुढनं मागनं बघितला न म्हणाले यावर तलाठ्याचा शिक्का कुठंय, चालणार नाही. त्याच कागदावर खाली छापलंय की डिजिटल सही असल्यामुळे सही-शिक्क्याची गरज नाही, ते बोट ठेवून दाखवलं तर म्हणाले "असं कुणीबी छापील". साहेबांना रिटायर व्हायला वर्ष राहिलंय, माणूस वाईट नाही, पण वडील गुडघे धरत दोन जिने चढले ते वाया गेलं. आता परत तलाठ्याकडं जायचं का?

जुना मेंबर:
भूलेख साईटवरचा फुकटचा नाही ना आणला? तो फक्त माहितीपुरता असतो, तो खरंच चालत नाही. 15 रुपयेवाला असेल तर आयटी कायदा 2000, कलम 5, डिजिटल सही हाताच्या सहीइतकीच ग्राह्य. अजून एक, पीडीएफ कॉम्प्युटरवर उघडली की सहीपाशी कधी कधी प्रश्नचिन्ह दिसतं न प्रिंटमध्येही तेच येतं, त्यावरनं जुने लोक बिचकतात की सहीच खोटी आहे. त्याचा अर्थ एवढाच की त्या कॉम्प्युटरनं सही अजून तपासलेली नाही. खाली पडताळणी क्रमांक असतो तो साईटवर टाकून साहेबांच्या समोरच दाखवा.

तलाठ्याची लेक:
माझे पप्पा तलाठी होते. शाईनं सातबारे लिहिलेत त्यांनी, गट नंबर सांगितला की शेजारी कोण, विहिरीत कुणाचा किती हिस्सा, सगळं तोंडपाठ. ई-फेरफार, म्हणजे जमिनीच्या नावातले बदल कॉम्प्युटरवर नोंदवणं आलं तेव्हा रात्री जेवणं झाल्यावर माझ्याकडून माऊस धरायला शिकले कारण नीट शिकवायला कुणी आलंच नाही. संगणक परीक्षा तर 50 वर्षांपुढच्यांना माफ, म्हणजे ज्यांना शिकायची जास्त गरज त्यांनाच सोडून दिलं! आणि शिक्का मागितला तर एक हेलपाटा पडतो, खरी भीती डोंगलची आहे, म्हणजे अधिकाऱ्याची डिजिटल सही ज्यात असते त्या पेनड्राइव्हसारख्या वस्तूची. कुठं कुठं साहेबांना जमत नाही म्हणून डोंगल न पासवर्ड दोन्ही ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, मग फेरफार मंजूर केला कुणी, साहेबांनी का त्या पोरानं? सही तर साहेबांचीच लागणार. पप्पा डोंगल घरच्या किल्ल्यांच्या जुडग्यात ठेवायचे, शेवटपर्यंत कुणाच्या हातात दिलं नाही.

विदर्भवाला:
भांडू नका दादा. साधा अर्ज लिहा, सातबारा जोडा, आवकला देऊन पोच घ्या, आणि नाकारायचा असेल तर कारण लेखी द्यावं असं अर्जातच टाका. लेखी द्यायचं म्हटलं की साहेब स्वतःच कुणाला तरी विचारून घेतात, माझं एका दाखल्याचं काम असंच चौथ्या दिवशी झालं.

बांधावरचा:
15 रुपयेवालाच आहे, आत्ता बघितलं, प्रश्नचिन्ह पण आहे त्यावर! सोमवारी एकटाच जातो, वडिलांना नेत नाही. अर्ज खिशात ठेवतो, पण आधी क्रमांक साहेबांनाच टाकायला सांगतो.