एसएससी, सीडीएस: कम्पॅरिझनवरचे प्रश्न पक्के करायला काय सोडवू?

परभणी_पॅसेंजर
नमस्कार मंडळी. एसएससी सीजीएलची (दहावीची नव्हे, केंद्र सरकारी नोकऱ्यांची परीक्षा) तयारी चालू आहे, जोडीला सीडीएसचाही (सैन्यदलातल्या अधिकारी भरतीची) विचार आहे. शिक्षण बारावीपर्यंत मराठी माध्यमात. टेन्स, आर्टिकल, सब्जेक्ट-व्हर्ब ॲग्रीमेंट बऱ्यापैकी जमतं. पण स्पॉटिंग एरर किंवा सेंटेन्स इम्प्रूव्हमेंटमध्ये तुलना आली की गाडी अडते. टॉल-टॉलर-टॉलेस्ट पाठ आहे हो, पण प्रश्न तिथून येतच नाहीत! हे बघा:

"द क्लायमेट ऑफ पुणे इज बेटर दॅन नागपूर."

उत्तरतालिका म्हणते चूक आहे. मला तर वाक्य ठणठणीत वाटतंय. क्लास लावणं परवडणारं नाही. एक मित्र म्हणतो जीमॅटची (एमबीए प्रवेशाची परीक्षा) जुनी पुस्तकं घे. घेऊ का?

बोरूबहाद्दर
"पुण्याची हवा नागपूरपेक्षा बरी" यावर नागपूरकर सोडून कुणीही हरकत घेणार नाही. मराठीत ऐकणारा "नागपूरच्या हवेपेक्षा" असं आपसूक समजून घेतो. या परीक्षांमध्ये ती सवलत नाही. दॅनच्या डावीकडे हवा आहे आणि उजवीकडे अख्खं शहर, म्हणून चूक. उजवीकडेही हवाच पाहिजे: "दॅन दॅट ऑफ नागपूर". नाम अनेकवचनी असेल तर दोज: "द स्ट्रीट्स ऑफ नागपूर आर वाइडर दॅन दोज ऑफ पुणे". झाली फिट्टंफाट. "हिज हँडरायटिंग इज बेटर दॅन हिज ब्रदर" यातही तेच, अक्षराची तुलना भावाशी झाली. तिथे "हिज ब्रदर्स", अपॉस्ट्रॉफीसकट.

दुसरा सापळा "एनी अदर"चा, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त मुलं इथेच पडतात. "मुंबई इज बिगर दॅन एनी सिटी इन महाराष्ट्रा." मुंबई महाराष्ट्रातच आहे, म्हणजे या वाक्याप्रमाणे ती स्वतःपेक्षाही मोठी ठरते! म्हणून "एनी अदर सिटी". पण आता महाराष्ट्राच्या जागी गुजरात टाका. मुंबई त्या यादीत नाहीच, मग "अदर" घालायचं कारण नाही. "दॅन एनी" दिसलं की आंधळेपणाने "अदर" चिकटवणाऱ्यांसाठी हा दुसरा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो. सुपरलेटिव्हमध्ये उलटं: "द बिगेस्ट ऑफ ऑल सिटीज" बरोबर, "ऑफ ऑल अदर सिटीज" चूक, कारण सर्वांत मोठा ठरायला आधी त्या सर्वांमध्ये असावं लागतं.

तिसरं, गळालेला ॲज. "ही इज ॲज टॉल, इफ नॉट टॉलर दॅन, हिज ब्रदर." मधला तुकडा झाकून वाचा: "ॲज टॉल हिज ब्रदर". लंगडं झालं ना? "ॲज टॉल ॲज, इफ नॉट टॉलर दॅन" असं पाहिजे.

बाकी सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फिरियर, प्रायर आणि प्रिफर यांच्यापुढे दॅन नाही, टू. "मोअर बेटर" नाही. दोघांतला उंच "द टॉलर ऑफ द टू". हे पाठांतराचं काम, एका संध्याकाळी उरकतं.

सांजसावली
बोरूदादा, लाइक राहिलं की!
लाइकपुढे नुसतं नाम किंवा सर्वनाम येतं. पुढे क्रियापदासकट वाक्य आलं तर ॲज: "ही बॅट्स ॲज हिज फादर डिड". बोलताना लोक इथे लाइक सर्रास वापरतात, परीक्षेत चालत नाही.
आणि अनलाइकने सुरू होणारी वाक्यं तर हमखास फसवतात. "अनलाइक इंग्लिश, द व्हर्ब इन मराठी कम्स ॲट द एंड." एका बाजूला भाषा, दुसऱ्या बाजूला क्रियापद. "अनलाइक इंग्लिश, मराठी पुट्स द व्हर्ब ॲट द एंड" केलं की भाषेसमोर भाषा आली. स्वल्पविरामानंतरचा पहिला शब्द बघायची सवय लावून घे.

मुक्काम_पोस्ट_सातारा
जीमॅटबद्दल. त्या परीक्षेत सेंटेन्स करेक्शन, म्हणजे वाक्य सुधारायचे प्रश्न, आता उरलेलेच नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये परीक्षेची फोकस एडिशन ही नवी आवृत्ती सुरू झाली, त्यात हा प्रकार काढून टाकला. त्यामुळे जुनी पुस्तकं सेकंडहँड मिळाली तर घ्या, नवी शोधत बसू नका. तिथली वाक्यं लांबलचक, पाच पर्याय, आणि "काय कशाशी जोडलंय" यावर भर. बोरूबहाद्दर यांच्या पहिल्या मुद्द्यासाठी उत्तम व्यायाम.

लिमलेटची_गोळी
असहमत. सीडीएसच्या इंग्रजीत १२० प्रश्न, २ तास. प्रश्नाला एक मिनिट. चार ओळींचं वाक्य पाच पर्यायांसकट चघळायची सवय लागली तर पेपर अर्धवट राहील. शिवाय जीमॅटमध्ये "सीनियर टू" छापाचं कोण विचारतं? यूपीएससीच्या संकेतस्थळावर सीडीएसचे जुने पेपर फुकट आहेत, आधी ते संपव. चुकीच्या उत्तराला तिथे एक तृतीयांश गुण कापतात. सीजीएलच्या टियर २ मध्ये इंग्रजीचे ४५ प्रश्न, प्रत्येकी ३ गुण, चुकलं की १ वजा. तेव्हा जिथे दोन्ही बाजूंना काय आहे ते सांगता येत नाही, तो प्रश्न सोडून पुढे जा.

मुक्काम_पोस्ट_सातारा
वेळेचा मुद्दा मान्य. परीक्षेला तीन महिने असतील तर जीमॅट, तीन आठवडे असतील तर जुने पेपर.

परभणी_पॅसेंजर
सगळ्यांचे आभार, पेपर उतरवून घेतो. एक शंका: "दॅन मी" की "दॅन आय"?

बोरूबहाद्दर
यावर इंग्रजीवालेच भांडत असतात. "शी इज टॉलर दॅन मी" बोलीत चालतं, पण आपल्याकडच्या परीक्षा जुन्या वळणाच्या, त्यांना "आय" लागतं. "दॅन आय ॲम" पर्याय असेल तर प्रश्नच मिटला. मात्र "ही लाइक्स यू मोअर दॅन मी" आणि "मोअर दॅन आय" ही दोन्ही बरोबर आहेत, अर्थ वेगळे. पहिल्यात त्याला मी कमी आवडतो, दुसऱ्यात मला तू कमी आवडतोस. भांडण कुणाशी होणार ते त्यावर ठरेल.

सांजसावली
पॅसेंजर, हे सोडव बरं, पर्याय देत नाही: "द पॉप्युलेशन ऑफ इंडिया इज लार्जर दॅन एनी कंट्री इन द वर्ल्ड."

परभणी_पॅसेंजर
लोकसंख्येची तुलना देशाशी झालीय. "दॅन दॅट ऑफ एनी कंट्री इन द वर्ल्ड"?

लिमलेटची_गोळी
अर्धं बरोबर. भारत जगातच आहे ना रे?

परभणी_पॅसेंजर
"दॅन दॅट ऑफ एनी अदर कंट्री"!

सांजसावली
शाब्बास. आता "इंडियाज पॉप्युलेशन इज लार्जर दॅन एनी अदर कंट्री" वर विचार कर. इथे दॅट ऑफ न वापरता एका अपॉस्ट्रॉफीत काम होतं. कुठे द्यायची ते सांग.