चोर सापडला नाही, पोलीस 'अ समरी' करून तपास बंद करणार. जखमी बाईंना सरकारी भरपाई मिळते का?

रानवारा:
मंगळसूत्र हिसकावताना शेजारच्या काकू पडल्या, मनगट मोडलं. प्लेट बसवली, पण हात पूर्ण वळत नाही. आरोपीच नाही, तर अर्ज कुठे करायचा? वकील लागतो का?

बाररूम:
त्यासाठीच कलम ३९६(४) आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं (जुलै २०२४ आधी फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ३५७अ). आरोपीचा पत्ता नाही, खटला उभा राहत नाही, तर पीडितेने स्वतः जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. चौकशी दोन महिन्यांत संपवायची, असं कलमच सांगतं. वकील हवाच असेल तर प्राधिकरण मोफत देतं. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही.
'अ समरी'ला घाबरू नका. गुन्हा खरा, तपास लागला नाही, एवढाच तिचा अर्थ. उलट तिची प्रत अर्जाला जोडा. 'ब' म्हणजे खोटी तक्रार, तिथे मात्र गाडी अडते.

पुरवणी_जबाब:
आधी एफआयआरमधली कलमं बघा. नुसतं ३०४ (हिसकावणे) लावलं असेल तर कागदावर दुखापतच दिसत नाही, आणि भरपाई तर दुखापतीचीच मागायची आहे. हाड मोडणं ही कायद्याने 'गंभीर दुखापत' (न्याय संहिता, ११६). समरी कोर्टात जाण्याआधीच तपासी अंमलदाराकडे पुरवणी जबाब नोंदवा, दवाखान्याचा इन्जुरी सर्टिफिकेट द्या. नंतर हे फार जड जातं.

बाररूम:
+१. अपंगत्वाचा टक्का सरकारी रुग्णालयाच्या दाखल्यावरच घ्या. खासगी डॉक्टर 'हालचाल मर्यादित' लिहून मोकळे होतात, त्यावरून रक्कम ठरत नाही.

तळटीप:
रकमेचा अंदाज: नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) २०१८ च्या स्त्रियांसाठीच्या योजनेत कायमचं अपंगत्व २० टक्क्यांच्या आत असेल तर १ ते २ लाख, २० ते ४० टक्क्यांना १ ते ३ लाख. मंगळसूत्राची किंमत यात धरत नाहीत. याच योजनेत घटनेपासून ३ वर्षांची मुदत आहे. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याची कारणं लिहून द्यावी लागतात. निर्णय मान्य नसेल तर ३० दिवसांत अपील. आणि मंजूर रक्कम सगळी हातात येत नाही: साधारण ७५ टक्के किमान तीन वर्षं मुदत ठेवीत.

रानवारा:
एफआयआरवर सासरचं नाव, बँकेत माहेरचं. चालेल?

पुरवणी_जबाब:
पैसे तिथेच अडकतात. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि विवाह नोंदणी दाखला अर्जासोबतच द्या.