परमुलखातला पहिला घास, आणि दुसरा

नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी परदेशी राहिलेल्या ठाणे आणि नवी मुंबईतल्या मंडळींना हे आवाहन आहे. आपल्यापुढे असा कोणता पदार्थ आला की ज्याला हात लावायला मन धजेना, आणि पुढे त्याचे काय झाले, हे सविस्तर लिहावे. प्रवासात चार दिवस चाखलेल्या पदार्थांपेक्षा जिथे बिऱ्हाड थाटले, महिन्याचा किराणा भरला आणि शेजाऱ्यांनी जेवायला बोलावले, तिथले अनुभव हवे आहेत. शेवटपर्यंत आवडले नसेल तर तसेच लिहावे.

सुरुवात मी करते. लग्नानंतर नौपाड्यातून आम्ही तोक्योच्या निशिकासाई भागात राहायला गेलो. तिथे भारतीय कुटुंबे पुष्कळ असल्यामुळे तूरडाळ, मोहरी, हिंग हे सगळे पहिल्याच आठवड्यात मिळाले आणि जपानी जिन्नसांकडे वळण्याची निकड कधी भासली नाही. शेजारच्या आजींनी मात्र एके सकाळी नात्तोचा छोटा डबा माझ्या हातात ठेवला. नात्तो म्हणजे शिजवून आंबवलेले सोयाबीन. ज्या जिवाणूमुळे ते आंबते तो भाताच्या पेंढ्यावर आपसूक असतो, म्हणून पूर्वी ते पेंढ्यातच बांधून ठेवत. काड्यांनी ढवळले की त्याला लांब तार सुटते, आणि वास असा की मोड आणण्यासाठी बांधलेले वाल पावसाळ्यात विसरून राहावेत आणि तिसऱ्या दिवशी फडके सोडावे. मी तो डबा दोन दिवस तसाच ठेवून टाकून दिला आणि आजींनी विचारल्यावर 'छान होते' असे सांगितले. ते खोटे बोलणे मला इतके लागले की आठवड्याभराने मी जाऊन खरे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. मला आत बसवून वाफाळत्या भातावर नात्तो, सोया सॉस, चिरलेली कांद्याची पात आणि बोटभर जपानी मोहरी असे कालवून दिले. त्या मोहरीचा नाकात चढणारा झणका आमच्याकडच्या फेसलेल्या मोहरीचाच होता, आणि त्याचा हात धरून मी तो घास गिळला. पुढची पाच वर्षे आमच्या सकाळच्या भातावर नात्तो असे.

एक गोष्ट आवर्जून सांगते. माझे वडील आमच्याकडे राहायला आले तेव्हा त्यांना वॉर्फरिन ही रक्त गोठू न देणारी गोळी चालू होती. नात्तोत क जीवनसत्त्व नव्हे, के जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते या गोळीचा परिणाम मारते, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी त्यांना नात्तो पूर्ण वर्ज्य सांगितले. परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठांच्या बाबतीत ही चौकशी आधी करावी.

खारकर आळी, ठाणे. आठ वर्षे आइंडहोवन, नेदरलँड्स

आमचे घर सीकेपी, त्यामुळे माशांच्या बाबतीत मी निर्धास्त होतो. जूनमध्ये नवा हेरिंग आला की डच लोक तो न शिजवता, नुसता मिठात मुरवलेला, शेपटीला धरून बारीक चिरलेल्या कांद्याबरोबर खातात. तो मला पहिल्या दिवसापासून आवडला. माझी परीक्षा पाहिली ती एका गोळीने. तिथे ड्रॉप नावाच्या काळ्या गोळ्या घरोघरी बरणीत असतात. एका सहकाऱ्याने पिशवी पुढे केली आणि 'ही दुहेरी खारट आहे' असे बजावलेही. मी ती तोंडात टाकली आणि क्षणात आमच्या आळीत येणारा कल्हईवाला समोर उभा राहिला: फुललेला भाता, तापलेले पातेले, त्यात टाकलेली पांढऱ्या पुडीतली चिमूट, उसळलेला पांढरा धूर आणि मग कापसाच्या बोळ्याने फिरवलेले कथील. घरी येऊन वेष्टनावरचे घटक वाचले तेव्हा उलगडा झाला. गोळीचा काळा अर्क ज्येष्ठमधाचा होता आणि तिचा तो खारटपणा अमोनियम क्लोराईडचा, म्हणजे चक्क नवसागराचा. जी वस्तू भांडे उजळण्यासाठी वापरतात ती जिभेवर ठेवायची, हे माझ्या मनाने आठ वर्षांत मान्य केले नाही. माझी मुलगी मात्र तिथेच वाढली, तिने कल्हई कधी पाहिलेली नाही, आणि ती त्या गोळ्या आवडीने खाते. पत्नीला रक्तदाबाचा त्रास असल्याने तिने त्या टाळल्या, कारण ज्येष्ठमध जास्त झाले तर रक्तदाब वाढतो.

घोडबंदर रस्ता, ठाणे. सध्या बर्गन, नॉर्वे

माझा अनुभव लहान आहे. इथे ब्रूनोस्त नावाचे तपकिरी चीज पावावर किंवा वाफलवर पातळ काप करून खातात. रंग पाहून मी महिनाभर टाळले, आणि खाल्ले तेव्हा ते थेट साताऱ्याच्या कंदी पेढ्याच्या वळणाचे लागले. चीज करताना उरलेली निवळी तासन्‌तास आटवतात, त्यात दुधातली साखर करपून ती चव येते; कंदी पेढ्याचा खवाही असाच खरपूस भाजतात. काटेकोर शाकाहारी असणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की मूळ चीज वासराच्या जठरातल्या विरजणाने केलेले असू शकते, म्हणून वेष्टन वाचूनच घ्यावे.

सेक्टर १७, वाशी. तीन वर्षे बाहिर दार, इथिओपिया

मी तिथे विद्यापीठात शिकवण्यासाठी गेलो तेव्हा वयाची पंचावन्न वर्षे उलटली होती आणि मी जन्माचा शाकाहारी. पोटाची काळजी घरच्यांना माझ्यापेक्षा अधिक होती. सामानात सहा किलो मेतकूट, भाजणी आणि पोह्यांचे पापड होते. प्रत्यक्षात अन्न परके निघालेच नाही. तेफ नावाचे खसखशीएवढे धान्य दळून, दोन-तीन दिवस आंबवून, मोठ्या तव्यावर झाकण ठेवून एकाच बाजूने भाजलेली इंजेरा म्हणजे आंबोळीची थोरली बहीण. आंबटपणा मात्र तिच्या दुप्पट. तिच्याबरोबर येणारे शिरो हे हरभऱ्याच्या मसालेदार पिठाचे असते, आणि त्याला पिठले याखेरीज दुसरा शब्द मला सुचत नाही. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी मांसच नव्हे तर दूध, लोणी आणि अंडीही वर्ज्य करतात. त्यामुळे उपवासाचे पान मागितले की मसूर, बटाटा, कोबी, पालेभाजी असे सगळे एका इंजेरावर मांडून येई.

माझी अडचण निराळीच होती. तिथे सगळे घर एकाच परातीतून जेवते. आमच्या घरात उष्ट्या-खरकट्याचा विचार इतका मुरलेला की आईने वाढायच्या डावाला पानाचा स्पर्श होऊ दिला नाही, आणि इथे सहा जणांचे हात एका पानात. पहिल्या महिन्यात मी प्रकृतीचे निमित्त सांगून घरमालकीणबाईंचे आमंत्रण तीनदा टाळले. चौथ्या वेळी नाही म्हणवेना. मी परातीच्या कडेला माझ्यापुढचा तुकडा राखून जेवत होतो. तेवढ्यात त्यांनी इंजेराचा मोठा घास शिरोत बुडवून, गुंडाळून, माझ्या तोंडापुढे धरला. याला गुर्शा म्हणतात. आदर आणि माया दाखवण्याची ती रीत आहे आणि नाकारणे अपमानाचे ठरते. मला शेवटचा घास आईने भरवला होता तो मुंजीच्या मातृभोजनात. माझे डोळे भरून आले आणि त्यांना वाटले की मसाला तिखट झाला, म्हणून त्यांनी घाईने पाणी आणले. पुढची तीन वर्षे मी दर रविवारी त्या परातीवर जेवलो, आणि निघायच्या दिवशी त्यांना घास भरवला.

दिवाळे कोळीवाडा, बेलापूर. चार वर्षे उल्सान, दक्षिण कोरिया

पतींना जहाजबांधणीत काम मिळाल्यामुळे आम्ही गेलो. मी कोळ्याची मुलगी, तेव्हा मासळीबाजारात मला परके वाटले नाही. पहिल्याच फेरीत एका बाईच्या पिंपात ओळखीचे काही दिसले: आपला जवळा, पण सुकवलेला नव्हे, मिठात मुरवलेला. त्याला सेउजोत म्हणतात आणि किमचीत, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या कोबीच्या तोंडीलावण्यात, तो घालतात. आम्ही उन्हात घालतो, ते मिठात घालतात.

हादरले मी होंगओच्या पानासमोर. पतींच्या वरिष्ठांचे गाव जेओल्ला प्रांतातले. त्यांनी घरी बोलावून मोठ्या मानाने हा मासा वाढला. ताटाजवळ येताच नाकात आणि डोळ्यांत अमोनियाचा भपका शिरला. मासा मी ओळखला. तो आपल्या पाकटाचा भाऊबंद. पाकट आणि मुशी यांच्या मांसातच युरिया असतो, मासा मेल्यावर त्याचा अमोनिया होतो, म्हणूनच ते शिळे झाले की वेगळाच वास मारतात. आई मला लहानपणापासून सांगत आली की पाकटाला तो वास आला की हात लावायचा नाही, आणि गिऱ्हाईकाला तर मुळीच द्यायचा नाही. आणि इथे तोच वास यावा म्हणून मासा दिवसेंदिवस मुरवत ठेवतात. उकडलेले डुकराचे मांस आणि जुनी किमची यांच्याबरोबर एक तुकडा मी खाल्ला. दुसरा खाल्ला नाही, आणि यजमानांना त्याचे कारण आईच्या शब्दांत सांगितले. त्यांना ते पटले. त्यांच्याकडची कथा अशी की बेटावरून नदीवाटे गावाला येईपर्यंत होडीतली बाकीची मासळी कुजून जाई, आणि फक्त हा मासा खाऊनही कुणी आजारी पडत नसे.

सुट्टीत दिवाळ्याला आल्यावर मी हे आईला सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बर्फ नव्हता ना गो तवा. आपल्या आजीनंबी कुजलेलं फेकताना रडून घेतलेलं." होंगओ मी पुन्हा खाल्ला नाही. सेउजोतची बरणी मात्र दर खेपेला आणते, आणि आई ती वांग्यात घालते. त्या दिवशी कालवणात मीठ घालत नाही.