नारळीकरांना मिळालेला मान लेखकाचा की शास्त्रज्ञाचा?

निपाणीचा वाचक

बेळगावातल्या टिळकवाडीच्या गृहस्थांनी परवा येथे लिहिले की जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा मध्यम प्रतीच्या आहेत, केंब्रिजचे वलय नसते तर त्या कोणी छापल्याच नसत्या, आणि साहित्यक्षेत्राने त्यांना दिलेले सगळे मान म्हणजे एका मोठ्या शास्त्रज्ञाला केलेले नमस्कार आहेत. दोन दिवस मी गप्प राहिलो. परंतु त्या टिपणाखाली एकाही वाचकाने १९७४ सालची गोष्ट सांगितली नाही, म्हणून लिहिणे भाग पडले.

त्या वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. कथेवर लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. ज. वि. ना. ही स्वतःची आद्याक्षरे उलटी करून नारळीकरांनी हे नाव तयार केले होते, आणि अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाताईंकडून लिहवून घेतली होती. ज्या माणसाला १९६५ मध्येच, सत्ताविशी गाठण्यापूर्वी, पद्मभूषण मिळाले होते, त्याने परीक्षकांपासून स्वतःचे नाव आणि अक्षर दोन्ही दडवले आणि तरीही पहिला क्रमांक मिळवला. वलयामुळे मान मिळाला असे म्हणायचे असेल, तर जगताप नावाच्या अनोळखी माणसाला कोणते वलय होते, याचे उत्तर आधी द्यावे. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून या नव्या कथाप्रकाराची दखल घेतली, हेही विसरू नये.

टिळकवाडी

उत्तर देतो. एक स्पर्धा म्हणजे कारकीर्द नव्हे. पहिल्या कथेनंतर ‘यक्षांची देणगी’पासून ‘व्हायरस’पर्यंत सारे लेखन त्यांच्या खऱ्या नावाने आले, आणि त्या नावामागे गुरुत्वाकर्षणाविषयीचा हॉइल-नारळीकर सिद्धान्त होता, टाटा मूलभूत संशोधन संस्था होती, पुढे पुण्याची आयुका ही खगोलसंशोधन संस्था होती. संपादकाने ते नाव बाजूला ठेवून कथा वाचली असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

दुसरे असे की साहित्य अकादमीने २०१४ मध्ये त्यांचा गौरव केला तो ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रासाठी. विज्ञानकथेच्या एकाही पुस्तकाला तो पुरस्कार मिळाला नाही. म्हणजे अकादमीचे मत माझ्या मतापासून फार दूर नाही.

मी ज्या मातीत वाढलो तिथे कथेचा मापदंड जी. ए. कुलकर्णी आहेत. एकसंब्याला जन्मलेल्या, बेळगावात शिकलेल्या आणि धारवाडला आयुष्य काढलेल्या त्या माणसाने ‘काजळमाया’साठी मिळालेला अकादमी पुरस्कार वादानंतर परत केला, पण त्यामुळे कथेच्या उंचीला काही झाले नाही. जीएंचे एखादे पात्र दारात उभे राहिले तरी त्याच्या मागे सगळा गाव आणि सगळे प्राक्तन उभे असते. नारळीकरांची पात्रे फळ्याजवळ उभी राहून आपल्याला काहीतरी समजावतात. हा फरक मी वाचक म्हणून बोलून दाखवला तर तो अपमान कसा ठरतो?

निपाणीचा वाचक

अकादमीचा मुद्दा तुम्ही उलटा वाचला. १९७४ पासून चाळीस वर्षे ज्याने मराठीत एक कथाप्रकार रुजवला, त्याच्या त्या लेखनाकडे अकादमीची नजर गेली नाही. हा दोष कथेचा समजायचा की नजरेचा? अखिल भारतीय संमेलनाच्या अध्यक्षपदी विज्ञानलेखक निवडायला २०२१ साल आणि ९४वे संमेलन यावे लागले, आणि तेव्हा प्रकृतीमुळे ते नाशिकला प्रत्यक्ष उपस्थितही राहू शकले नाहीत. वलयाने सगळे मिळत असते तर इतका उशीर झाला नसता.

खानापूर तालुक्यातील शिक्षिका

फळ्याजवळची पात्रे हे शब्द वाचून मला राहवले नाही. सर, तुम्ही ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ वाचली आहे ना?

गेल्या वर्षी माझी भाची अकरावीचे इंग्रजीचे ‘हॉर्नबिल’ हे पाठ्यपुस्तक घेऊन माझ्याकडे बसली होती. तिचे शिक्षण केंद्रीय मंडळाच्या शाळेत झाले आहे. तिला ‘द ॲडव्हेंचर’ हा पाठ समजत नव्हता. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात जातात, जिथे १७६१ मध्ये विश्वासराव वाचले आणि पानिपत मराठ्यांनी जिंकले. तिथल्या पुण्याहून मुंबईला निघालेली गाडी वाटेत ‘सरहद’ नावाच्या स्टेशनवर थांबते, गणवेशातला माणूस परवाने तपासतो, आणि पंतांना समजते की इथून पुढे इंग्रजांचे राज्य आहे. मी ते स्टेशन वाचून दाखवले तेव्हा मुलगी एकदम म्हणाली, “आत्या, हे तर आपल्यासारखं आहे, कोगनोळी नाक्यासारखं.” कोगनोळीचा नाका म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा. ज्या गावांनी १९५६ ची राज्यपुनर्रचना, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला सीमावादाचा दावा अंगावर घेतला आहे, त्या गावातल्या मुलीला ‘असे झाले असते तर’ हा प्रश्न कोणी समजावून सांगावा लागत नाही. त्या कथेतला माणूस फळ्याजवळ उभा नव्हता. तो आमच्या ओसरीवर बसला होता.

आणि ही कथा मुळात मराठी आहे, हे तिला मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हते. याचे मला जे वाईट वाटले, ते मी शब्दांत मांडू शकत नाही.

चिकोडीचा अभियंता

ताई, तुम्हाला वाईट वाटले, पण मला त्या मुलीचा हेवा वाटतो. तिला तो पाठ इंग्रजीत मिळाला, हेच बरे झाले.

मी एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, पूर्ण मराठी माध्यमात शिकलो. नारळीकरांची सगळी पुस्तके वाचनालयातून आणून वाचली होती. कृष्णविवर, गुरुत्वाकर्षण, प्रारणे, दीर्घिका हे शब्द मला पाठ होते. पीयूसीला, म्हणजे अकरावीला, विज्ञान घेतले आणि पहिल्याच तासाला ते सगळे शब्द निरुपयोगी झाले. अध्यापक इंग्रजीत शिकवत आणि अडले की कन्नडमध्ये समजावत. मी मराठी शब्द उच्चारला तेव्हा मागच्या बाकांवरून हसण्याचा आवाज आला, आणि त्यानंतर वर्षभर मी वर्गात तोंड उघडले नाही. पहिल्या वर्षी नापास झालो. महाविद्यालयाचे नाव घेत नाही, कारण दोष एका महाविद्यालयाचा नाही. विज्ञान मराठीत वाचण्याची गोडी ज्यांनी लावली त्यांनी पुढचा पूल बांधला नाही, हे मी कुणाकडे मांडावे? नारळीकर स्वतः बनारसला वाढले, केंब्रिजला शिकले. त्यांच्यासाठी मराठी ही आवड होती. आमच्यासाठी ती परीक्षा होती.

खानापूर तालुक्यातील शिक्षिका

तुमच्यावर जे ओढवले त्याचे दुःख आहे, पण त्याचे ओझे तुम्ही चुकीच्या खांद्यावर टाकत आहात. पूल बांधणे हे सरकारांचे आणि शिक्षणसंस्थांचे काम होते, कथाकाराचे नव्हे. मी बावीस वर्षे मराठी शाळेत शिकवते आहे. कृष्णविवर हा शब्द ऐकल्यावर मुलाच्या डोळ्यांसमोर काळोखी विहीर येते, आणि ‘जे आत गेले ते परत येत नाही’ हे अर्धे त्याला आपोआप समजते. ‘ब्लॅक होल’ हा शब्द मी सांगते तेव्हा ते फक्त लिहून घेते. तुमची मुले कोणत्या माध्यमात आहेत, ते कृपया सांगा, म्हणजे पुढचे बोलता येईल.

चिकोडीचा अभियंता

इंग्रजी माध्यमात. आणि त्याची मला लाज वाटत नाही. तुमच्या वर्गात आज किती मुले उरली आहेत, तेही तुम्ही सांगावे.

खानापूर तालुक्यातील शिक्षिका

अकरा. तो आकडा तुमच्यासारख्या पालकांमुळेच अकरावर आला आहे, आणि तोच तुम्ही मला विचारावा, याचा मला मनापासून राग आला आहे.

शहापूरचे काका

दोघांनीही आवाज खाली घ्यावा. माझे वय पंचाहत्तर आहे, म्हणून हे सांगण्याचा अधिकार घेतो.

माझ्या मते मूळ प्रश्नाचे उत्तर तुमच्याच भांडणात आहे. नारळीकरांनी पुस्तकांना नावे कोणती दिली ते पाहा: यक्षांची देणगी, अंतराळातील भस्मासूर, वामन परत न आला. यंत्रमानवाला वामन म्हटले की तीन पावलांची गोष्ट ऐकून वाढलेल्या वाचकाला पुढचे भय पहिल्या पानाआधीच जाणवते. बुटका दिसणारा हा पाहुणा उद्या सगळी जमीन मागणार, हे ओळखायला त्याला भौतिकशास्त्र लागत नाही. ही युक्ती शास्त्रज्ञाची नाही. ज्याची आई संस्कृतची विदुषी होती आणि जो घरात गोष्टी ऐकत वाढला, त्या लेखकाची ती आहे. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल हे त्यांचे गुरू, आणि तेही विज्ञानकादंबऱ्या लिहीत, त्यामुळे कथा लिहिल्याने संशोधकाची प्रतिष्ठा कमी होत नाही, हे नारळीकरांनी केंब्रिजमध्येच पाहिले असणार. परंतु यक्ष आणि भस्मासूर तिथून आले नाहीत.

टिळकवाडीकर, पात्रांबद्दल तुमचे म्हणणे मला पूर्ण चुकीचे वाटत नाही. त्यांच्या अनेक कथांत माणसापेक्षा कल्पना मोठी असते आणि शेवटची दोन पाने स्पष्टीकरणात जातात. पण जीएंच्या मापाने त्या कथा मोजणे मला मान्य नाही. जीए प्राक्तनाकडे पाहत होते, आणि हा माणूस ‘प्राक्तन वेगळे असते तर’ असे विचारत होता.

टिळकवाडी

काकांच्या शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ विचार केला. १९७४ चा मुद्दा मला टिपण लिहिताना माहीत नव्हता आणि तो माहीत असता तर ‘वलय नसते तर त्या कोणी छापल्याच नसत्या’ हे वाक्य मी लिहिले नसते. ते वाक्य मागे घेतो. बाकीचे मागे घेत नाही. पात्रे सपाट आहेत, हे माझे मत कायम आहे, आणि ‘गंगाधरपंत’ हा अपवाद आहे की नियम, हे ती कथा मूळ मराठीतून वाचल्यावरच सांगेन. होय ताई, मी ती वाचलेली नाही.

चिकोडीचा अभियंता

मीही एक गोष्ट मान्य करतो. नापास झालो त्या वर्षीच्या सुट्टीत पुन्हा अभ्यासाला बसलो तो नारळीकरांची ‘प्रेषित’ ही कादंबरी दुसऱ्यांदा वाचल्यावर. हे मी आजवर घरीही सांगितलेले नाही. माध्यमाबद्दलचे माझे मत मात्र त्यामुळे बदलत नाही.

खानापूर तालुक्यातील शिक्षिका

नका बदलू. पण मुलांना घेऊन एखाद्या शनिवारी या. गंगाधरपंतांची मूळ कथा मी त्या अकरा मुलांना वाचून दाखवणार आहे. टिळकवाडीचे सर, तुमच्यासाठीही प्रत आणून ठेवते.