फ्रान्समधली 'बिओ' वाईन म्हणजे फवारणी शून्य का?

निफाडची_वेल
नमस्कार मंडळी, मी सध्या शिकायला बोर्डोला आहे, घरी निफाडला द्राक्षबाग, त्यामुळे इथे दुकानात गेलं की आधी लेबलच बघते. काही बाटल्यांवर हिरवं 'एबी' असतं, काहींवर 'डीमीटर', दोन्हीत फरक काय? आणि इथे समुद्राजवळ एवढा पाऊस, मग औषध न मारता बाग टिकते कशी? बाबांना फोनवर सांगितलं तर विश्वासच ठेवत नाहीयेत.

ल्वारवाला
एबी म्हणजे सेंद्रिय, यालाच इथे 'बिओ' म्हणतात, तणनाशक आणि सिंथेटिक औषधं बंद, बाग सेंद्रियकडे वळवायला ३ वर्षं लागतात. २०१२ पासून वाईन बनवतानाचे नियमही आले, म्हणजे कोरड्या (गोड नसलेल्या) रेड वाईनला सल्फाइट, म्हणजे वाईन टिकवायला घालतात ते, लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंतच, सेंद्रिय नसलेल्या रेडला १५० चालतं. डीमीटर म्हणजे बायोडायनॅमिक, सेंद्रिय तर हवंच, वर रुडॉल्फ श्टायनर या ऑस्ट्रियन विचारवंताने १९२४ मध्ये मांडलेली पद्धत, गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर पुरायचं, मग ते पाण्यात तासभर ढवळून हेक्टरी साधारण १०० ग्रॅम शिंपडायचं. इकडे ल्वार खोऱ्यात साव्हनिएरला निकोला जोली हे वाईनवाले असं कित्येक वर्षं करताहेत. यात चंद्र-तारे बघून कामं करतात ते मला पटत नाही पण ती माणसं रोज वेलीपाशी असतात हे मी तोडणीला गेलो तेव्हा बघितलंय, फरक तिथेच पडतो असं माझं मत.

दिंडोरीचा_शेतकरी
ताई, वडिलांचं बरोबर आहे, फवारणी असतेच. डाऊनीला, म्हणजे पावसात वेलीवर येणाऱ्या बुरशीच्या रोगाला, सेंद्रियवाले मोरचूद (तांब्याचं क्षार)-चुनाच मारतात, आपलं बोर्डो, ते नाव तू राहतेस त्या गावावरूनच पडलंय! बोर्डोजवळच्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून हे मारायचे, तिथे डाऊनी कमी दिसली ते मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि १८८५ ला त्यांनी ते जाहीर केलं. पण तांबं जमिनीत साठतं, गांडुळांना मारक, म्हणून युरोपात आता ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोच. आणि हे आंतरप्रवाही नाही, म्हणजे वेलीच्या आत शिरत नाही, वरवरच राहतं, पाऊस आला की धुऊन जातं, परत मारा, परत ट्रॅक्टर.

निफाडची_वेल
बापरे, मग पावसाळी वर्षात काय करतात?

ल्वारवाला
नुकसान सोसतात. तुझ्याजवळच पोयाकला शातो पोंते-काने ही वाईनची बाग आहे, २००७ ला डाऊनी वाढली म्हणून काही भागावर रासायनिक मारलं, सेंद्रियचं प्रमाणपत्र लांबलं, २०१० ला मिळालं. २०१८ ला परत डाऊनी आली तेव्हा मात्र मारलं नाही, पिकाचा मोठा भाग गेला.