जुना इलेक्ट्रिक पिकअप संस्थेला द्यायचा आहे, काय करावं लागेल?

ऑरेंजसिटीकर: एमएच-४९ पासिंगची गाडी, कर्ज फिटलंय. नागपुरातल्याच धर्मादाय संस्थेला द्यायची आहे. ८०-जीची (दानावरची आयकर) सूट मिळेल का?

हिशेबी: सूट विसरा, भाऊ. ८०-जी पैशाच्या दानाला लागतं, वस्तूच्या नाही. सूट हवीच तर गाडी विकून रक्कम चेकनं द्या. २,००० च्या वर रोख चालत नाही. तेही जुन्या करप्रणालीतच.

कागदवाला: कर्ज फिटलं तरी आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) बँकेचा बोजा तसाच असतो. बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) अन् फॉर्म ३५ आरटीओत देऊन आधी तो उतरवा, मग मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. संस्थेचा पॅन अन् विश्वस्तांचा ठराव मागून घ्या. आरसी त्यांच्या नावावर चढेपर्यंत चावी देऊ नका. अपघात झाला तर नोटीस तुमच्या दारात. विमा नावावर करायला त्यांना १४ दिवस असतात.

बॅटरीबाप्पा: सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीचा एसओएच रिपोर्ट (मूळ क्षमतेच्या किती उरलीय ते) काढा. फारच उतरली असेल तर ते दान नाही, संस्थेच्या गळ्यात खर्च. तोवर गाडी सावलीत, चार्ज ५० टक्क्यांच्या आसपास. मे महिन्याच्या उन्हात फुल चार्ज करून उभी ठेवली की सेल लवकर झिजतात. १२ व्होल्टची छोटी बॅटरी बसली तर मोठी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही, तीही तपासा. चार्जिंग केबल सोबत द्या, लोक हमखास विसरतात.