फोनवर नेट चालतंय, केबल लावलेल्या डेस्कटॉपवर मात्र नाही

कोपऱ्यातला_डबा
विंडोज १० चा डेस्कटॉप आहे, राउटरला केबलने जोडलेला. त्याच राउटरच्या वायफायवर दोन फोन आणि टीव्ही बिनबोभाट चालतात. संगणकावर फक्त 'नो इंटरनेट' दिसतं. मागच्या बाजूला केबलच्या पोर्टवरचे दोन्ही दिवे लागतात, एक लुकलुकतोही. राउटर बंद-चालू केला, संगणक रीस्टार्ट केला, ब्राउझर बदलला, केबल राउटरच्या दुसऱ्या पोर्टात घालून पाहिली. ट्रबलशूटर 'डीफॉल्ट गेटवे इज नॉट अव्हेलेबल' म्हणतो आणि पुढे काहीच करत नाही. आता काय तपासू?

बाइट_बहाद्दर
सरळ फॉरमॅट मारा. अर्ध्या दिवसात सगळं चकाचक.

पोर्ट_ऐंशी
फॉरमॅट नको. नेटवर्क रीसेटही आत्ताच नको. त्याने वायफायचे साठवलेले पासवर्ड आणि हाताने घातलेल्या सगळ्या सेटिंग्ज पुसल्या जातात. गाडी सुरू झाली तरी बिघाड कुठे होता ते कळणार नाही. आधी साखळी नेमकी कुठे तुटते ते बघू.

स्टार्टमध्ये 'सीएमडी' शोधून कमांड प्रॉम्प्ट उघडा. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत.) पहिली कमांड: आयपीकॉन्फिग /ऑल. भलीमोठी यादी येईल. त्यात 'इथरनेट अडॅप्टर' (केबलच्या जोडणीचं नेटवर्क कार्ड) असलेला भाग शोधा. व्हर्च्युअल, ब्लूटूथ वगैरे नावांचे भाग सोडून द्या, निम्मे लोक तिथेच चुकीचे आकडे वाचतात. चार ओळी हव्यात: डीएचसीपी एनेबल्ड (संगणक पत्ता राउटरकडून आपोआप घेतो का), आयपीव्ही४ ॲड्रेस (संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता), डीफॉल्ट गेटवे (बाहेर जाण्याचं दार, घरी बहुधा राउटरच), डीएनएस सर्व्हर्स (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधून देणारे).

मग पाठोपाठ तीन पिंग (पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघणारी कमांड):

पिंग आणि गेटवेचा आकडा – संगणक ते राउटर हा टप्पा.
पिंग ८.८.८.८ (इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर) – राउटरच्या पलीकडचा टप्पा.
पिंग आणि कुठल्याही परिचित संकेतस्थळाचं नाव – नावावरून पत्ता शोधण्याचा, म्हणजे डीएनएसचा टप्पा.

नापास झाल्यास नेमकं वाक्य काय येतं तेही लिहा, कारण प्रत्येकाचा अर्थ वेगळा. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' म्हणजे हाक मारली, उत्तर आलं नाही. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आणि तेही तुमच्याच संगणकाच्या पत्त्यावरून आलं, तर पाकीट (डेटाचा तुकडा) घराबाहेर पडलंच नाही, पुढचं दारच सापडलं नाही. 'जनरल फेल्युअर' आलं तर बहुधा गेटवेची ओळ रिकामी असते किंवा अडॅप्टरच झोपलेला असतो. आणि 'कुड नॉट फाइंड होस्ट' म्हणजे डीएनएस.

शिवाय, राउटर अलीकडे बदललाय का?

निळी_वायर
वरच्या क्रमाला माझं अनुमोदन, एक पुरवणी. पोर्टवरचे दिवे लागले म्हणजे केबल ठणठणीत, असं धरून चालू नका. दोन टोकांची ओळखपाळख झाली, एवढंच तो दिवा सांगतो. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला त्यातल्या १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या पिनांवरच्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. ४, ५, ७, ८ पैकी एखादी तार तुटली तर दिवा लागतो, नेटही चालतं, पण वेग १०० वर अडकतो. कंट्रोल पॅनेलच्या नेटवर्क कनेक्शन्समध्ये इथरनेटवर डबल क्लिक करा, 'स्पीड'ची ओळ दिसेल. दोन्ही बाजू गिगाबिटच्या असून तिथे १०० एमबीपीएस दिसलं, तर आधी केबल बदला.

याहून फसवा प्रकार घरी प्लग बसवलेल्या केबलींत दिसतो. रंगांच्या जोड्या १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा शेजारी-शेजारी लावल्या जातात. टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात, कारण तारा दोन्हीकडे सारख्याच आहेत. पण ३ आणि ६ या पिना एकाच पिळाच्या जोडीवर असाव्या लागतात. तशा नसल्या तर एका जोडीचा आवाज दुसरीत घुसतो. हातभर केबल चालून जाते, लांब केबलवर पाकिटं गळतात. योग्य क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच.

कोपऱ्यातला_डबा
स्पीड १.० जीबीपीएस दिसतोय. आकडे असे:

डीएचसीपी एनेबल्ड: नो
आयपीव्ही४: १९२.१६८.०.२०
सबनेट मास्क: २५५.२५५.२५५.०
गेटवे: १९२.१६८.०.१
डीएनएस: १९२.१६८.०.१

तिन्ही पिंग नापास. पहिल्या दोन्हींना 'रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.०.२०: डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल', तिसऱ्याला 'कुड नॉट फाइंड होस्ट'. आणि हो, राउटर गेल्या आठवड्यात नवा आलाय.

पोर्ट_ऐंशी
मग चोर सापडला. 'डीएचसीपी एनेबल्ड: नो' म्हणजे या संगणकाला कुणीतरी पत्ता हाताने घालून दिलाय, जुन्या राउटरच्या हिशोबाने. खात्री करायची तर फोनवर वायफायच्या जोडणीचा तपशील उघडा आणि तिथे गेटवे किंवा राउटरसमोरचा आकडा पाहा. १९२.१६८.१.१ किंवा तत्सम काही असेल, पण १९२.१६८.०.१ नक्की नसेल.

मास्क २५५.२५५.२५५.० असला की पत्त्याचे पहिले तीन भाग दोघांचे तंतोतंत जुळावे लागतात. तुमचा संगणक 'शून्य'च्या आळीत उभा राहून १९२.१६८.०.१ ला हाका मारतोय आणि त्या नावाचं आता तिथे कुणीच राहत नाही. फोन आणि टीव्ही राउटरकडून पत्ता मागून घेतात, त्यामुळे त्यांना राउटर बदलल्याचा पत्ताच लागला नाही.

उपाय: विंडोज आणि आर एकत्र दाबा, एनसीपीए.सीपीएल टाइप करून एंटर. इथरनेटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. यादीत 'इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४' निवडून पुन्हा प्रॉपर्टीज. तिथे 'ऑब्टेन ॲन आयपी ॲड्रेस ऑटोमॅटिकली' निवडा, ओके, मागच्या खिडकीतही ओके किंवा क्लोज. मागची खिडकी बंद होईपर्यंत बदल लागू होत नाही.

कोपऱ्यातला_डबा
फोनवर १९२.१६८.१.१ च आहे. सांगितलं तसं केलं. आता पत्ता १९२.१६८.१.७, गेटवेला पिंग जातं, ८.८.८.८ ला चारपैकी चार. पण एकही संकेतस्थळ उघडत नाही.

निळी_वायर
त्याच खिडकीच्या खालच्या अर्ध्यात डीएनएसची वेगळी निवड आहे. वरची ऑटोमॅटिक केली तरी खालची आपोआप बदलत नाही, तिथे अजून १९२.१६८.०.१ बसलेलं असणार. 'ऑब्टेन डीएनएस सर्व्हर ॲड्रेस ऑटोमॅटिकली' करा, मग आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस (साठवलेले जुने डीएनएस पत्ते पुसायला). नंतर ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा.

कोपऱ्यातला_डबा
उघडली! सगळी चालतायत. मनापासून आभार.

वायफायवाली_वाचक
याच धाग्यात विचारते. माझ्या लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो आणि डीएचसीपी 'येस' आहे. हाताने काहीच घातलेलं नाही.

पोर्ट_ऐंशी
तुमची केस उलटी आहे. लॅपटॉपने पत्ता मागितला, कुणी दिला नाही, म्हणून विंडोजने स्वतःच एक तात्पुरता लावून घेतला. १६९.२५४ चा पत्ता राउटर कधीच देत नाही. आयपीकॉन्फिग /रिलीज (आहे तो पत्ता सोडायला), मग आयपीकॉन्फिग /रिन्यू (नवा मागायला) करून पाहा. तरी तेच आलं तर फोनचा हॉटस्पॉट लावा. हॉटस्पॉटवर नीट पत्ता मिळाला तर लॅपटॉप निर्दोष. मग राउटरचं पान उघडून बघा: डीएचसीपी चालू आहे का, वाटायचे पत्ते संपलेत का, मॅक फिल्टरची (ठरावीक उपकरणांनाच जोडू देणारी) यादी कुणी लावलीय का. हॉटस्पॉटवरही १६९.२५४ आला तर संशय ड्रायव्हरवर किंवा अर्धवट काढलेल्या व्हीपीएन-अँटिव्हायरसवर. अशा वेळी कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून नेटएसएच विनसॉक रीसेट (विंडोजची नेटवर्कची अंतर्गत मांडणी मूळपदावर आणायला), मग रीस्टार्ट. शटडाउन करून चालू करणं पुरत नाही, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवून तोच परत उघडला जातो.

बाइट_बहाद्दर
बरं, पिंग तिन्ही पास आणि ब्राउझरच बोंबलतोय, असं झालं तर? तेव्हा तरी फॉरमॅट?

निळी_वायर
तेव्हाही नाही. सेटिंग्ज, नेटवर्क, प्रॉक्सी इथे 'यूझ अ प्रॉक्सी सर्व्हर' (प्रॉक्सी म्हणजे मधला मध्यस्थ) कुणी चालू करून ठेवलंय का ते बघायचं. पिंग प्रॉक्सीला विचारत नाही, ब्राउझर विचारतो. आणि घड्याळ बघायचं. तारीख काही वर्षं मागे गेली असेल तर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं ब्राउझर नाकारतो. दर वेळी प्लग काढला की तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय.

कोपऱ्यातला_डबा
एक शेपूट उरलंय. नेट चालू, पण आता नेटवर्कवरचा प्रिंटर 'ऑफलाइन' दिसतो.

पोर्ट_ऐंशी
त्यालाही जुना हाताने घातलेला पत्ता असणार. प्रिंटरच्या पॅनेलवरून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापा, १९२.१६८.०.काहीतरी दिसेल. प्रिंटरवर पत्ता ऑटोमॅटिक करा. मग नव्या राउटरच्या पानावर डीएचसीपीच्या विभागात 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' शोधा आणि प्रिंटरचा मॅक ॲड्रेस (उपकरणाचा स्वतःचा हार्डवेअर ओळखक्रमांक; त्याच छापील पानावर असतो, दोन-दोन अक्षरांचे सहा गट) देऊन त्याला एक पत्ता राखून ठेवा. प्रिंटर बंद-चालू केला की तो तोच पत्ता घेईल. शेवटी संगणकावर प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, 'ॲड पोर्ट', 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' आणि तिथे नवा पत्ता. जुना पोर्ट लगेच काढू नका, आधी एक चाचणी पान छापून बघा.